काशीच्या पोटातलं मराठी गाव

महाराष्ट्रातून काशीला जाणाऱ्या यात्रेकरूची चाकोरी ठरलेली असते. गोदौलियापर्यंत रिक्षा, दशाश्वमेधावर स्नान, विश्वनाथ, अन्नपूर्णा, संध्याकाळी गंगेची आरती, लेकीसुनांसाठी बनारसी साडी, गंगाजलाचा सीलबंद गडू... आणि परतीची गाडी! फार तर नावेतून मणिकर्णिकेपर्यंत एक फेरी. मणिकर्णिकेच्या पलीकडे, प्रवाहाबरोबर उत्तरेच्या अंगाला, सहसा कुणी जात नाही.

गेलं तर मात्र एक नवल दिसतं. घाटांची नावंच ओळखीची वाटू लागतात. शिंदे घाट, भोसले घाट, मग रामघाट, जटार घाट, मंगलागौरी, पंचगंगा आणि त्याला लागून दुर्गाघाट नि ब्रह्माघाट. घाटाच्या उभ्या पायऱ्या चढून वर आलं की दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढ्या फरसबंद गल्ल्या. समोरून बैल आला तर एखाद्या ओट्यावर चढून त्याला वाट द्यायची. या गल्ल्यांमधल्या दारांवरच्या पाट्या वाचत गेलं, तर आडनावांच्या शेवटी ‘कर’ दिसायला लागतं. दारात रांगोळी असते, आत झोपाळा असतो, देवघरात शाळिग्रामाशेजारी अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण असतात. एखाद्या माडीवरून ‘अगं, दूध उतू जातंय!’ अशी हाक ऐकू आली, तरी दचकायचं कारण नाही. पत्ता काशीचाच आहे. माणसं मात्र चारशे-पाचशे वर्षांपूर्वी गोदाकाठाहून, देशावरून, कोकणातून आलेल्यांच्या वंशातली आहेत.

बनारसच्या लोकांनी त्यांना जुनं नाव दिलं ते ‘दक्षिणी’. विंध्यापलीकडून आले ते सगळे दक्षिणी! तेलंगी, द्रविड, कर्नाटकी यांचीही घरं आसपास आहेतच. पण दुर्गाघाट-ब्रह्माघाट-पंचगंगा हा पट्टा ओळखला गेला तो मराठी माणसांचा म्हणून. कुणी त्याला मोहल्ला म्हणेल. खरं तर ते एक गावच आहे. त्याला स्वतःचे देव आहेत, स्वतःची शाळा आहे, आखाडा होता, सावकार होते, भावकीची भांडणं होती. नव्हती ती फक्त शेती. या गावाच्या मालकीची एक वीतभर जमीनही पिकाखाली नव्हती. मग ते जगलं कशावर?

त्यासाठी पार पैठणला जावं लागतं.

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैठणचे रामेश्वर भट्ट आपलं बिऱ्हाड घेऊन काशीला आले. त्यांचे चिरंजीव नारायण भट्ट. जन्म १५१३ चा. या नारायण भट्टांनी काशीच्या पंडितांमध्ये असं स्थान मिळवलं की, लोक त्यांना जगद्गुरू म्हणू लागले. काशी, प्रयाग आणि गया या तीन क्षेत्रांत यात्रेकरूनं काय करावं, कुठे स्नान, कुठे पिंडदान, याचा ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ त्यांचाच. अकबराच्या काळात, १५८५ च्या सुमारास, तोडरमलाच्या पाठबळावर विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं राहिलं, त्यातही पुढाकार नारायण भट्टांचा. पुढल्या पिढ्यांत तर या घरात ग्रंथांची खाणच लागली. नातू कमलाकर भट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहिला. एकादशी आज की उद्या, सुतक किती दिवसांचं, असे प्रश्न आपल्याकडे पडले की आजही ज्या ग्रंथांचा हवाला दिला जातो, त्यातला हा एक. दुसरे नातू नीलकंठ भट्ट. त्यांच्या ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाला इंग्रजी अमदानीत मुंबई हायकोर्टानं वारसाहक्काच्या खटल्यांमध्ये प्रमाण मानलं. म्हणजे गिरगावातल्या किंवा अहमदाबादेतल्या एखाद्या भाऊबंदकीचा निकाल गंगेच्या काठी लिहिलेल्या पोथीवरून लागत होता! आणि याच घराण्यातले विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर आले नि त्यांनी शिवाजीमहाराजांना राज्याभिषेक केला, हे तर शाळकरी पोरालाही माहीत असतं.

पण हे एकच घराणं नव्हे. महाभारतावरची सर्वांत प्रसिद्ध टीका, ‘भारतभावदीप’, लिहिणारे नीलकंठ चतुर्धर मूळचे कोपरगावचे. सतराव्या शतकात त्यांनी ती काशीत बसून लिहिली. व्याकरणात ज्यांच्या नावापुढे आजही विद्यार्थी कान पकडतात, ते नागेश भट्ट म्हणजे आपले काळे. शेष घराण्याची व्याकरणाची गादी तर त्याहून जुनी. कवींद्राचार्य सरस्वती हे संन्यासीही गोदाकाठचे. त्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवर तेव्हा कर होता. कवींद्राचार्यांनी शहाजहानच्या दरबारात जाऊन असं काही वजन खर्ची घातलं की, बादशहानं तो कर उठवला. देशभरच्या पंडितांनी त्यांच्यावर संस्कृत स्तुतिपर कवनांचा वर्षाव केला आणि त्याचं एक पुस्तकच झालं, ‘कवींद्रचंद्रोदय’. यात्रेवरचा कर उठवला म्हणून गौरवग्रंथ निघालेला बहुधा हा एकटाच माणूस असावा.

याच पैठणहून आणखी एक माणूस काशीला आला होता. तो मात्र संस्कृतात लिहायला नाही. संत एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर मराठी टीका लिहायला घेतली, तेव्हा देवाची गोष्ट ‘प्राकृता’त सांगतोस म्हणून काशीच्या पंडितांनी नाथांना जाब विचारायला बोलावलं, असं परंपरा सांगते. नाथ आले, राहिले आणि १५७३ मध्ये ‘एकनाथी भागवत’ पूर्ण केलं ते याच शहरात. जाब विचारणाऱ्यांनीच पुढे ग्रंथाची मिरवणूक काढली, असंही सांगतात. गंमत पाहा. एकाच पैठणची दोन माणसं एकाच काळात, एकाच नदीच्या काठी. एक धर्माचे नियम संस्कृतात बांधतोय आणि दुसरा तोच धर्म कुणब्या-माळ्याच्या भाषेत मोकळा करतोय. काशीतलं मराठी गाव या दोन्ही ओढींवर वाढलं. कुठली जास्त प्रबळ होती, हे सांगायची गरज नाही.

कारण हे गाव सोवळं होतं. फारच सोवळं. महाराष्ट्रात पंगतीवरून तंटा झाला की त्याचा कागद काशीला जायचा. कोण कुणाच्या पंक्तीला बसायचं, कुणाशी सोयरीक करायची, याचे निवाडे विश्वनाथाच्या मुक्तिमंडपात पंडितांच्या सभेत व्हायचे. १६५७ मध्ये देवरुख्यांना पंक्तिव्यवहारात घ्यावं की नाही, यावर अशीच सभा भरली आणि निर्णयपत्रावर मोठमोठ्या पंडितांच्या सह्या पडल्या. आज हे वाचताना हसू येतं. ज्यांच्या ताटाखालचा पाट त्या सभेवर ठरत होता, त्यांना ते आलं नसणार. ज्यांना पंगतीच्या आसपासही फिरकू दिलं जात नव्हतं, त्यांचा तर कागदावर उल्लेखही नाही.

असो. विद्येवर मान मिळतो, पोट भरतंच असं नाही. गावाला खरा पैसा दिसला तो अठराव्या शतकात. मराठ्यांचे घोडे उत्तरेत पोचले आणि मागोमाग हुंड्या. पेशवे घराण्याचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर १७३० च्या दशकात काशीला येऊन राहिले. तोवर काशीचे बहुतेक घाट म्हणजे मातीचे उतार होते. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ. दीक्षितांच्या देखरेखीखाली ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट दगडात बांधले गेले, वर ब्राह्मणांसाठी घरं उठली. पेशव्यांचे काशीतले कारभारी सदाशिव नाईक बांधकामाचे हिशेब बघत. पुण्याहून पैसा यायचा, चुनारच्या खाणीतला दगड नावांतून यायचा आणि कारागीर अर्थातच इथले. ज्यांच्या हातांनी या पायऱ्या बसवल्या, त्या पाथरवटांची नावं कुठल्याच शिलालेखावर नाहीत. ही तक्रार फक्त काशीपुरती नाही, पण इथे पायऱ्या चढताना ती जास्त आठवते.

त्या दिवसांत काशीयात्रा म्हणजे केवढी मोठी गोष्ट होती, हे बाजीरावाच्या आईच्या यात्रेवरून कळतं. १७३५ मध्ये राधाबाई काशीला निघाल्या. मुलगा उत्तरेतल्या निम्म्या सरदारांशी लढत होता किंवा लढायच्या बेतात होता. तरी उदयपूर, जयपूरच्या राजांनी म्हातारीचं आदरातिथ्य केलं. मोगलांचा सरदार महंमदखान बंगश हा तर बाजीरावाचा उघड वैरी. त्यानंही आपल्या मुलखातून त्यांना सुखरूप वाट दिली. राजकारण राजकारणाच्या जागी आणि कुणाची आई गंगेला निघाली तर ती सगळ्यांचीच आई, असा तो काळ होता.

मग रीघच लागली. नागपूरकर भोसल्यांनी घाट बांधला. नागपूरकरांचे दिवाण श्रीधर मुनशी यांनी मुनशी घाट बांधला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी पंचगंगेवर बिंदुमाधवाचं आताचं देऊळ उभारलं. मूळ बिंदुमाधवाचं देऊळ फार भव्य होतं, फ्रेंच प्रवासी तावर्निये यानं त्याचं वर्णन करून ठेवलंय. औरंगजेबाच्या काळात ते पाडून तिथे मशीद झाली. तिच्या उंच मनोऱ्यांना बनारसी माणूस मात्र पिढ्यान्‌पिढ्या ‘माधोराव का धरहरा’च म्हणत राहिला! नाव देवाचं, इमारत मशिदीची आणि ‘राव’ कुठून चिकटला ते आपण समजून जावं.

आणि या सगळ्यांच्या वर अहिल्याबाई होळकर. १७८० मध्ये विश्वनाथाचं आजचं देऊळ उभं राहिलं ते त्यांच्या खर्चानं. त्यांच्या नावाचा घाट आहे, मणिकर्णिकेच्या बांधणीत त्यांचा पैसा आहे आणि पंचगंगेवर हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ आहे. माळव्यातल्या महेश्वरला बसून त्या काशी बांधत होत्या. बायजाबाई शिंद्यांनी १८२८ मध्ये ज्ञानवापीवर खांबांचा मंडप उभारला. त्यांनी शिंदे घाटही बांधायला घेतला. पण तो इतका अवजड झाला की नदीच्या गाळात खचला. त्यातलं एक कललेलं देऊळ आजही पाण्यात तिरपं उभं आहे आणि परदेशी पाहुणे त्याचे फोटो काढतात. काशी हिंदू विश्वविद्यालयातले इतिहासकार अनंत सदाशिव आळतेकर यांनी १९३७ मध्ये बनारसचा इतिहास लिहिला, तेव्हा आजची काशी ही बरीचशी मराठ्यांची निर्मिती आहे, असं मत मांडलं. आळतेकर मराठी होते म्हणून ते पक्षपाती म्हणावेत, तर घाट मोजून पाहावेत.

आता वाचकांना वाटेल, या गावात नुसते शेंडीवाले पंडित घोकंपट्टी करत बसले असतील. तसं मुळीच नव्हतं! दुर्गाघाट प्रसिद्ध होता तो मुक्कीसाठी. मुक्की म्हणजे ठोशांची लढत. कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास घाटाच्या पायऱ्यांवर ती रंगायची आणि बघायला सगळं शहर लोटायचं. सकाळी संहिता म्हणणारे हात संध्याकाळी मुठी आवळत. शिवाय मल्लखांब होता. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभट दादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या नव्यानं उभी केली. त्यांचे शिष्य कोंडभट गोडबोले यांनी काशीत आखाडा चालवला आणि तिथून ही विद्या पुढच्या पिढ्यांकडे गेली. मुंज झालेल्या पोराला एका हातानं वेदाची पोथी आणि दुसऱ्या हातानं मल्लखांब धरायला शिकवणारं हे गाव. बनारसी मस्ती म्हणतात ती यांच्याही अंगात पुरेपूर उतरली होती.

१८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं आणि काशीतल्या या गावाचा झरा आटला.

सुरुवातीला उलट गर्दी वाढली. ज्यांचं राज्य गेलं ते इथे आले. अमृतराव पेशवे आधीच येऊन राहिले होते. राजाघाट आणि तिथलं अन्नछत्र त्यांचं. १८२४ मध्ये ते काशीतच गेले. दुसऱ्या बाजीरावाला कानपूरजवळ बिठूरला ठेवलं गेलं, त्याचा भाऊ चिमाजीअप्पा काशीत राहिला. त्याच्या पदरी होते मोरोपंत तांबे. असी घाटाजवळ भदैनी मोहल्ल्यात या तांब्यांच्या घरी मुलगी झाली. काशीत जन्मली म्हणून नाव ठेवलं मणिकर्णिका. हीच पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई. १८३२ मध्ये चिमाजीअप्पा वारला, तांबे बिठूरला गेले आणि मनूचं पुढचं आयुष्य सगळ्यांना ठाऊक आहे. भदैनीला आता तिचं स्मारक आहे. यात्रेकरूंच्या चाकोरीत तेही नसतं.

पण राजघराण्यातल्या माणसांना पेन्शनी होत्या. बाकीच्यांचं काय? अन्नछत्रं एकेक करून मिटली. दक्षिणा बंद झाली. राहिले ते यात्रेकरू आणि राहिला तो काशीवास. या शब्दाला मराठीत मोठा मान आहे. आयुष्याच्या शेवटी सगळं सोडून काशीत राहायचं, तिथेच देह ठेवायचा. ज्यांनी आपण होऊन तो पत्करला, त्यांचं ठीक. पण एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्याही पूर्वार्धात कितीतरी मराठी विधवांचा काशीवास त्यांनी मागितलेला नव्हता. केशवपन केलेली विशी-पंचविशीची सून घरात नको, म्हणून कुणा यात्रेकरूच्या सोबतीनं तिला काशीला पोचवायचं आणि महिन्याला थोडे पैसे पाठवायचे. ते पैसे आधी नियमानं येत, मग सणासुदीला येत, मग येत नसत. एखाद्या वाड्यात जिन्याखालची खोली, पहाटे गंगास्नान, दिवसभर वाती वळणं, कुणाकडे सोवळ्यातला स्वयंपाक करणं आणि संध्याकाळी पुराण ऐकणं. अलवण नेसलेल्या या बायकांनीच या गावातल्या कितीतरी घरांची चूल पेटती ठेवली. नारायण भट्टांपासून पंतप्रतिनिधींपर्यंत सगळ्यांची नावं लिहून ठेवली गेली. या बायकांची मात्र फक्त गंगेला माहीत.

झरा आटल्यावर पुरुषांनी दुसरी वाट शोधली. १७९१ मध्ये इंग्रजांनी काशीत संस्कृत कॉलेज काढलं होतं. तिथे पगार होता. १८२१ मध्ये पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री नागपूर, सिहोर करत १८४२ मध्ये या कॉलेजात आले आणि गणित-ज्योतिषाचे प्राध्यापक झाले. ‘सूर्यसिद्धांता’चं इंग्रजी भाषांतर त्यांनी केलं, हिंदीत बीजगणिताचं पुस्तक लिहिलं. त्यांच्या नावानं पंचांगही निघालं. म्हणजे पाहा, कालपर्यंत पुण्याच्या दक्षिणेकडे डोळे लावून बसलेलं गाव आता हिंदीत बीजगणित शिकवू लागलं होतं! १८६९ मध्ये स्वामी दयानंदांशी मूर्तिपूजेवर काशीच्या पंडितांचा जो गाजलेला वाद झाला, त्यात काशीच्या बाजूनं बसलेल्यांत बाळशास्त्री रानडे होते. वाद कोण जिंकलं, यावर दोन्ही पक्ष अजून भांडतात.

आणि मग आले बाबूराव विष्णू पराडकर.

पराडकरांचं मूळ गाव मालवणकडचं पराड. जन्म काशीचा, १६ नोव्हेंबर १८८३. त्यांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर. घर मराठी, पण मामा बंगालीत लिहायचे. ‘देशेर कथा’ हे त्यांचं पुस्तक बंगालमध्ये एवढं गाजलं की सरकारनं त्यावर बंदी घातली. भाच्यानं त्याचा हिंदीत अनुवाद केला. १९०६ मध्ये पराडकर कलकत्त्याला हिंदी पत्रात लागले, क्रांतिकारकांशी संबंध असल्यावरून त्यांना १९१६ मध्ये अटक झाली आणि काही वर्षं स्थानबद्धतेत गेली. सुटून ते घरी, काशीला, आले. १९२० मध्ये शिवप्रसाद गुप्तांनी ‘आज’ हे हिंदी दैनिक काढलं आणि पराडकर त्यात गेले. पुढे ‘आज’ म्हणजे पराडकर असं समीकरणच झालं. १९३० च्या चळवळीत वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी झाली, तेव्हा ‘रणभेरी’ नावाचं चोरून छापलेलं पत्रक काशीत घरोघर पोचायचं. पोलीस छापखाना शोधत फिरत राहायचे. त्यामागेही पराडकर होते.

पण त्यांचं सर्वांत टिकाऊ काम शब्दांचं. बातमीच्या हिंदीला तेव्हा घडण नव्हती. इंग्रजी तारा यायच्या आणि रात्री अकरा वाजता त्यांना हिंदी प्रतिशब्द शोधावे लागायचे. नावाआधी ‘मिस्टर’ऐवजी ‘श्री’ लावण्याची रूढी, ‘राष्ट्रपती’, ‘मुद्रास्फीति’ यांसारखे शब्द हिंदीत रुजवण्याचं श्रेय पराडकरांना दिलं जातं. घरी मराठी बोलणारा माणूस कचेरीत बसून कोट्यवधी लोकांची हिंदी घडवत होता. त्यांच्याच बरोबरीचे लक्ष्मण नारायण गर्दे हेही काशीचेच मराठी. पुढे ‘आज’च्याच संपादकपदी रामकृष्ण रघुनाथ खाडिलकर आले. पराडकर १९५५ मध्ये गेले. मैदागिनला त्यांच्या नावाचं भवन आहे आणि काशीतले पत्रकार तिथे जमतात. महाराष्ट्रात मात्र पत्रकारितेच्या वर्गातल्या मुलांनाही हे नाव सांगावं लागतं. ही काही अभिमानानं सांगण्यासारखी गोष्ट नव्हे.

राजगुरूंचंही असंच. शिवराम हरी राजगुरू, पुण्याजवळच्या खेडचे, घर सोडून काशीला आले ते संस्कृत शिकायला. क्रांतिकारकांशी त्यांची गाठ पडली ती इथे. संस्कृत शिकायला निघालेली मराठी मुलं काशीला जातात, हे घरच्यांना इतकं ओळखीचं होतं की, त्या वाटेवरून फासापर्यंतही जाता येतं, असं कुणाला वाटलं नसेल.

आज काय उरलंय? दगड पुष्कळ उरलाय. गौड सारस्वतांचा काशी मठ ब्रह्माघाटावर आहे, त्यामुळे गोवा-कारवारकडची माणसं येत असतात. गणेशोत्सव आहे. काशीतल्या मराठी गणेशोत्सवांनी शंभरी केव्हाच ओलांडली. दहा दिवस मंत्रजागर, कीर्तन, मुलांच्या स्पर्धा, बायकांचं हळदीकुंकू... मोदकांना बनारसी माणूसही नाही म्हणत नाही. विश्वविद्यालयात मराठीचा विभाग आहे. चैत्र-गौरीला कैरीची डाळ होते, कोकम मात्र कुणी मुंबई-पुण्याहून आणलं तर. घरातली मराठी जुन्या वळणाची आहे. तिच्यात आपण विसरलेले शब्द सापडतात आणि वाक्याचा हेल हिंदीचा असतो. शेजारणीशी भोजपुरी, शाळेत हिंदी, ऑफिसात इंग्रजी आणि आजीशी मराठी, असा पोरांचा हिशेब. आजी असेपर्यंत तो चालतो.

मोठे वाडे हिश्शांत वाटले गेले. कुठे पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू आहेत, कुठे विश्वस्तांचे वाद, कुठे खालच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी लॉज निघालंय. मुलं शिकून पुणे, बंगळूर, अमेरिका अशी पांगली. ज्या पूर्वजांनी पैठण सोडून काशी गाठली, त्यांचे वंशज काशी सोडून हिंजवडी गाठतात. कुणी कुणाला दोष द्यावा? विश्वनाथ ते गंगा या नव्या परिसराचं उद्‌घाटन १३ डिसेंबर २०२१ ला झालं. त्यासाठी मंदिराजवळची शेकडो घरं गेली. तिथे आता अहिल्याबाईंचा पुतळा आहे. दुर्गाघाट-ब्रह्माघाटच्या गल्ल्या त्या आराखड्याबाहेर राहिल्या. पण काशीतल्या प्रत्येक जुन्या घराची किंमत त्या दिवसापासून बदलली आणि घर विकावं की ठेवावं, हा प्रश्न या गल्ल्यांतही जेवणाच्या पानावर येऊन बसला.

तरी विद्येचं दुकान पूर्ण बंद झालेलं नाही. रामघाटावरच्या वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयात आजही मुलं घोकत बसलेली दिसतात. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येत राममंदिराची प्राणप्रतिष्ठा झाली, तिचे प्रमुख आचार्य पंडित लक्ष्मीकांत दीक्षित याच विद्यालयात शिकवत असत. त्यांचं घराणं मूळचं सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचं. पाच महिन्यांनी, जूनमध्ये, ते गेले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या १९ वर्षांच्या एका मुलानं याच विद्यालयात शुक्ल यजुर्वेदाचं दंडक्रम पारायण पन्नास दिवसांत पुरं केलं. या पद्धतीत मंत्रातले शब्द उलटसुलट क्रमानं, पुन्हा पुन्हा जोडत म्हणायचे असतात. हातात पोथी न धरता! रोजचे तास मोजले तरी सामान्य माणसाला घाम फुटेल. गोदाकाठहून येऊन काशीत परीक्षा देण्याची रामेश्वर भट्टांची वाट पाचशे वर्षांनंतरही बुजलेली नाही, एवढं त्यावरून दिसतं.

आणि पंड्यांच्या वह्या आहेत. आपल्याकडचे यात्रेकरू ज्या तीर्थोपाध्यायांकडे उतरतात, त्यांच्या घरी लाल कापडात बांधलेल्या वह्यांच्या थप्प्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की ते नेमकी वही काढतात. पणजोबा कोणत्या साली आले होते, सोबत कोण होतं, कुणाच्या अस्थी आणल्या होत्या, सगळं त्यांच्याच हातचं मोडीत किंवा बाळबोधीत लिहिलेलं. मोडी वाचणारे आता कमी झाले. काही घरांत वह्यांना वाळवी लागली, काही घरांत मुलांनी हा व्यवसाय सोडला आणि वह्या माळ्यावर गेल्या. दरवर्षी पावसाळ्यात गंगा चढते, तेव्हा घाटाजवळच्या घरांतून भांड्याकुंड्यांआधी या वह्या वरच्या मजल्यावर हलवल्या जातात. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी विक्रमी चढलं होतं, त्याची आठवण म्हातारी माणसं अजून काढतात.

कार्तिक लागला की पंचगंगेवर उंच बांबू रोवतात आणि त्यांच्या टोकाला वेताच्या करंड्यांतून दिवे चढवतात. हे आकाशदीप पितरांसाठी. महिनाभर रोज संध्याकाळी दोरी ओढून दिवा वर जातो. १९८० च्या दशकात देवदिवाळीचा उत्सव नव्यानं सुरू झाला तो याच घाटावरून. आता पौर्णिमेला काशीचे सगळे घाट लाखो पणत्यांनी उजळतात आणि ते बघायला नावांची भाडी दहापट होतात. पर्यटकांच्या नावा पंचगंगेसमोर क्षणभर थांबतात, नावाडी अहिल्याबाईंच्या दीपस्तंभाकडे बोट दाखवतो आणि हिंदीत सांगतो, ‘ये मराठों का है.’